निमतेल मारूनही कीड का जात नाही?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: गॅलरीतल्या कुंड्यांत मिरची, टोमॅटो, जास्वंद आणि थोडी पालेभाजी आहे. मिरचीचे शेंडे आकसले आहेत, जास्वंदीच्या फांद्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो आणि टोमॅटोच्या पानांवर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा उमटल्या आहेत. घरात लहान मूल असल्याने रासायनिक औषध नको, म्हणून दर आठवड्याला सगळ्या झाडांवर निमतेल फवारता, तरी फरक नाही. तेव्हा प्रमाण वाढवावे, की दुसरे एखादे घरगुती औषध करावे?

प्रमाण वाढवू नका. वाढवलेत तर किडीच्या आधी पानेच जळतील. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर एकच औषध चालू आहे. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी म्हणतात तसा प्रकार. टोमॅटोवरच्या किडीपर्यंत निमतेल फारसे पोचत नाही. जास्वंदीवरच्या किडीला ते एकटे पुरे पडत नाही. मिरचीला काय झाले आहे हे कळेपर्यंत तर कुठलेच औषध सुचवण्यात अर्थ नाही. त्यामुळे पंप काही दिवस बाजूला ठेवा आणि दहापट मोठे दाखवणारे एक भिंग घ्या. बागेसाठी घेतलेल्या वस्तूंपैकी इतकी उपयोगी पडणारी दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही.

मिरचीपासून सुरुवात करतो, कारण घरच्या बागेत सर्वांत जास्त चुकीचे उपचार याच झाडाच्या वाट्याला येतात. शेंडा चुरडला की लोक फवारायला धावतात. पण पाने आकसण्याची निदान तीन कारणे आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळल्या असतील आणि पान उलटल्यावर चंदेरी-करडे ओरखडे दिसत असतील, तर ते फुलकिडे. जेमतेम मिलिमीटरभर लांब, बारीक, पिवळट किडे असतात. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदी आणि फुले झटकली की कागदावर पळताना दिसतात.

उलट कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद होऊन देठ नेहमीपेक्षा लांबला असेल, शेंडा कडक आणि ठिसूळ लागत असेल, तर तो पिवळा कोळी. हा सुमारे ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळपास अदृश्यच. कीड तर दिसत नाही, मग झाडाला काहीतरी कमी पडत असणार, असे समजून माणूस खत घालतो. त्या खताने जी कोवळी फूट येते तिच्यावर कोळ्याचीच चंगळ होते.

तिसरी शक्यता विषाणूची. नवी पाने बारीक आणि गुच्छ झाल्यासारखी, शिरा पिवळट किंवा जाड, झाड खुजे राहिलेले, फुले येऊन गळणारी. हा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. फांदी हलवल्यावर पानांच्या मागून पांढरे ठिपके उडाले तर शंका पक्की समजा.

फुलकिडे असतील तर आधी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या मागून आणि शेंड्यांवर द्यायचा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. जवळ निळा चिकट सापळा लावायचा. निमतेल इथे खरोखर उपयोगी आहे, पण ते कसे द्यायचे ते पुढे सांगतो. फुलकिड्यांच्या बऱ्याच जातींची कोषावस्था मातीच्या वरच्या थरात पार पडते, त्यामुळे फक्त पानांवर फवारून थांबलात की पाच-सात दिवसांत नवी फौज वर येते. कीड फारच वाढली तर स्पिनोसॅड हे मातीतल्या एका जिवाणूपासून आंबवून मिळवलेले औषध आहे आणि फुलकिड्यांवर ते चांगले चालते. ओले असेपर्यंत ते मधमाश्यांना घातक असते. म्हणून झाड फुलावर असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावरच.

कोळी असेल तर निमतेलाच्या भरवशावर राहू नका. कोळी हा कीटकच नव्हे. आठ पायांचा, कोष्ट्यांच्या गोतावळ्यातला जीव आहे. त्याच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक चालते, लिटरला २ ग्रॅम. चुरडलेले शेंडे आधी कापून पिशवीत बंद करून टाका, मग गंधक फवारा. दोन अटी मात्र पाळा. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारायचे नाही, पाने करपतात. आणि कुठलेही तेल फवारल्यापासून दोन आठवडे गंधक जवळ आणायचे नाही, कारण तेल आणि गंधक एकत्र आले की पानांना चटका बसतो. तुम्ही दर आठवड्याला निमतेल मारत आला आहात, तेव्हा ही अट तुम्हाला आजपासूनच लागू आहे. मधल्या दोन आठवड्यांत शेंडे कापणे आणि पाण्याचे फवारे एवढेच करा.

विषाणू असेल तर औषध नाही. सेंद्रिय नाही, रासायनिकही नाही. झाड उपटा, पिशवीत बांधा आणि टाकून द्या. जपून ठेवलेले प्रत्येक आजारी झाड शेजारच्या कुंडीसाठी विषाणूची कोठी असते. लोकांना हे जड जाते, मला कळते. पण फळे न देणारे झाड दोन महिने गोंजारून दुसरी चार झाडे घालवण्यात शहाणपण नाही.

आता जास्वंद. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, सगळे ज्याला मिलीबग म्हणतात तो. अंगावर मेणाचे तंतू असल्याने पाणी आणि पाण्यात कालवलेली बहुतेक औषधे त्याच्यावरून ओघळून जातात. मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यातून नुकती बाहेर पडलेली पिले मात्र उघडीवाघडी असतात. मेण अजून आलेले नसते आणि ती नव्या फांदीच्या शोधात रांगत असतात. औषध लागू पडते ते याच वयात. एकदाच जोरदार फवारून मोकळे होणारे फसतात ते इथे, कारण त्या दिवशी पिशवीत सुरक्षित असलेली अंडी पुढच्या आठवड्यात फुटतात.

म्हणून क्रम असा ठेवा. ज्या फांद्यांवर कापसाचे पुंजकेच पुंजके आहेत त्या सरळ छाटा. उरलेल्या ठिकाणी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक पुंजका पुसून काढा. अल्कोहोल मेण विरघळवते. हे काम ज्योतीपासून दूर आणि मुलाच्या माघारी करायचे. मग जोरदार पाण्याने झाड धुवा, पाने सुकली की साबणाचे पाणी फवारा. दर सहा-सात दिवसांनी, तीन ते चार वेळा. फांद्यांचे सांधे, कळ्यांचे देठ, कुंडीचा काठ आणि कुंडीचा तळ या जागा लोक विसरतात, आणि कीड नेमकी तिथेच दबा धरून असते. पाणी घालूनही झाड मलूल राहत असेल तर कुंडीतून मातीचा गड्डा अलगद सोडवून बघा. मुळांवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर मिलीबग मुळांवरही आहे. मुळे धुऊन नव्या मातीत लावण्याला तिथे पर्याय नाही.

जास्वंदीवर मुंग्यांची ये-जा दिसते का ते बघा. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड या सगळ्या रस शोषणाऱ्या किडी गोड चिकट द्रव सोडतात. त्यासाठी मुंग्या त्यांना जपतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावतात, कधी पिले उचलून नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. पानांवर नंतर जी काळी काजळी धरते तीही या चिकट द्रवावर वाढणारी बुरशीच. मुंग्यांची वाट बंद केली की निम्मे काम होते. कुंडी पाण्याने भरलेल्या ताटलीत विटेवर ठेवा, म्हणजे कुंडीभोवती खंदक तयार होतो. ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत राहा, नाहीतर त्यात डास होतील. फांद्या भिंतीला किंवा गजांना टेकत असतील तर खंदकाचा काही उपयोग नाही. मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

थोडे थांबून आणखी एक गोष्ट बघा. त्या कापसातला एखादा पुंजका बाकीच्यांपेक्षा मोठा आहे, झटपट चालतो आहे आणि त्याचे पांढरे तंतू जास्त लांब, विस्कटलेले आहेत का? तो मिलीबग नसेल, मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असेल. ती दिसते हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखी. हौसेने बाग करणारे तिला शोधून शोधून मारतात आणि मग कीड वाढली म्हणून हळहळतात. मिलीबग सहसा एका जागी बसून असतो; ही अळी भटकते. ती सापडली तर त्या झाडावर काहीच फवारू नका.

टोमॅटोवरच्या रेघा नागअळीच्या. माशीच्या जातीचा एक बारीक कीटक पानात अंडे घालतो आणि अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बोगदा खणत खात जाते. निमतेलाचा थर राहतो वर, अळी असते आत. पान उजेडासमोर धरा. रेघ जिथे सर्वांत रुंद आहे त्या टोकाला पिवळसर अळी दिसेल. बोटाच्या चिमटीत दाबली की झाले. टोकाला अळी नसेल तर ती केव्हाच बाहेर पडली आहे आणि ती रेघ नुसता जुना व्रण आहे; त्यावर काय फवारणार? खालची, जास्त खाल्लेली जुनी पाने काढून टाका. जोमात वाढणारा टोमॅटो थोडी पाने गमावली तरी फळाला कमी करत नाही. खरे तर तुमच्या तीन तक्रारींतली ही सर्वांत किरकोळ, पण दिसायला सर्वांत ठळक.

निमतेल कसे चालते आणि कधी नाही

निंबाची ताकद खोटी नाही. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असताना हाइन्रिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिले की, टोळांनी इतर झाडे फस्त केली, पण कडुनिंबाला तोंड लावले नाही. १९६८ साली निंबोळीतून अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. या द्रव्याने कीटकाची खाण्याची इच्छा मरते आणि त्याला कात टाकता येत नाही. कात टाकता न आल्याने पिले मोठी होत नाहीत, मरतात. यातून दोन गोष्टी निघतात. प्रौढ किडा आता कात टाकणारच नाही, त्यामुळे त्याच्यावर परिणाम कमी. आणि आज फवारले, उद्या कीड साफ, असे कधीच होणार नाही. पाच-सात दिवस वाट बघावी लागते. उन्हात हे द्रव्य भराभर विघटित होते. सकाळी नऊ वाजता फवारून दिवसभर ऊन खाऊ दिलेले निमतेल म्हणजे जवळजवळ वाया गेलेले निमतेल.

बाजारात निमतेलाच्या नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात, हेही लक्षात घ्या. थंड दाबाने काढलेल्या तेलात अझाडिरॅक्टिन असते. कुबट, उग्र वास आणि मळकट रंग असतो. शुद्ध केलेल्या फिकट तेलातून ते बहुतांशी काढून घेतलेले असते, मग ते फक्त तेल म्हणून किडीची श्वासछिद्रे बुजवते. बाटलीवर अझाडिरॅक्टिनचे प्रमाण लिहिलेले आहे का ते बघा. मोठी बाटली घेऊन वर्षभर वापरू नका, साठवणीतही त्याची ताकद घटते.

मिसळण्याची पद्धत: १ लिटर कोमट पाण्यात आधी १-२ मिलि द्रव साबण, मग ५ मिलि तेल, आणि जोरात हलवायचे. पाणी दुधासारखे झाले पाहिजे. वर तेलाचे डोळे तरंगत असतील तर फवारू नका, जिथे तो तेलाचा थेंब पडेल तिथे पान जळेल. तयार मिश्रण काही तासांतच संपवा. फवारणी संध्याकाळी, आणि सगळा भर पानांच्या मागच्या बाजूवर. वरून शिंपडून पान चकाकते, कीड मागे निवांत असते. तहानलेल्या, मलूल झाडावर तेल मारायचे नाही, आधी पाणी द्या. नव्या झाडावर दोन पानांना लावून दोन दिवस वाट बघा. आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या, मग थांबून भिंगाने तपासणी. काहीच फरक नसेल तर निदान चुकले आहे किंवा फवारा लागायला हवा तिथे लागत नाही. चौथी-पाचवी फवारणी हे त्याचे उत्तर नाही.

मावा आणि मऊ अंगाच्या इतर किडींसाठी साबणाचे पाणी निमतेलापेक्षा लवकर काम करते. पण साबण म्हणजे खरा साबण, वनस्पती तेलापासून बनवलेला पोटॅशचा मऊ साबण. भांडी घासायचे द्रव बहुतेक वेळा साबण नसते, डिटर्जंट असते. ते पानांवरचा संरक्षक मेणाचा थर धुऊन काढते. प्रमाण १ लिटरला १० ते २० मिलि. तुमचे पाणी जड असेल तर साबणाचा साका होऊन तो निकामी होतो, तेव्हा पावसाचे किंवा गाळलेले मऊ पाणी वापरा. साबण ओला असेपर्यंतच काम करतो, वाळला की त्याची मारकता संपली. हा त्याचा दोषही आणि मोठा गुणही, कारण नंतर येणाऱ्या मित्रकीटकांना त्याचा त्रास होत नाही.

मित्रकीटक

हा विषय लोक ऐकून सोडून देतात, म्हणून एक जुने उदाहरण देतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका कापशी खवले किडीने मोडकळीला आणल्या होत्या. १८८८ साली कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांना तिचा शत्रू शोधायला ऑस्ट्रेलियात पाठवले. त्यांनी धाडलेला व्हेडालिया नावाचा लाल-काळा ढालकिडा बागांत सोडला आणि वर्ष-दोन वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढे १९४०च्या दशकात त्याच बागांत डीडीटी हे रासायनिक कीटकनाशक मारले गेले, ढालकिडे मेले आणि कापशी कीड पुन्हा उसळली. गॅलरीत हेच लहान प्रमाणावर घडते, डीडीटीच्या जागी दर आठवड्याचा सरसकट फवारा असतो एवढेच. मावा फार वेगाने वाढतो. उबदार हवेत माद्या नराशिवाय थेट पिलांना जन्म देतात आणि ती आठवडाभरात स्वतः पिले घालू लागतात. ढालकिड्याला मोठे व्हायला महिन्याच्या आसपास लागतो. दोघांनाही एकाच वेळी मारले तर आधी कोण परत येणार, ते उघड आहे.

तेव्हा मित्रांना ओळखा. ढालकिड्याची अळी काळपट-करडी, नारिंगी ठिपक्यांची, लांबट आणि खरबरीत असते, प्रौढाशी तिचे काही साम्य नसते. पानावर उभ्या केसाच्या टोकाला टेकवलेली पांढरी अंडी क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची. त्याच्या अळ्या माव्यावर तुटून पडतात. माव्याच्या थव्यात काही मावे फुगलेले, कातडी रंगाचे, निश्चल दिसले तर त्यांच्या पोटात बारीक परोपजीवी गांधीलमाशी वाढते आहे. ते पान काढू नका. गोल भोक पाडून ती बाहेर येईल आणि पुढच्या माव्यांत अंडी घालेल. या मंडळींच्या प्रौढांना मध आणि पराग लागतात, आणि तोंडे बारीक असल्याने उथळ, लहान फुलेच चालतात. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांतली एक-दोन झाडे काढणीनंतरही फुलू द्या. जाळी विणणारे कोष्टीही झाडू नका.

झेंडूबद्दल नेहमी विचारले जाते. झेंडूची मुळे मुळांवर गाठी करणाऱ्या, मातीतल्या सूत्रकृमींना (सूक्ष्म कृमींना) आवर घालतात हे खरे, पण त्यासाठी तो दाट लावून एक हंगाम वाढवावा लागतो. कोपऱ्यातली एक कुंडी फुलकिडे किंवा पांढरी माशी हाकलणार नाही. फुलांसाठी लावा, जरूर लावा.

स्वयंपाकघरातले उपाय

लसूण-मिरचीचा अर्क काही किडींना थोडा वेळ दूर ठेवतो, मारत नाही. त्याची तीव्रता दर वेळी वेगळी असते, आणि मिरचीचे थेंब वाऱ्याने डोळ्यांत जातात. लहान मूल असलेल्या घरात मी तो वापरणार नाही. पाला आंबवून केलेल्या अर्कांबाबतही तेच: आज केलेला आणि महिन्यापूर्वीचा सारखा नसतो, आणि कच्च्या खायच्या पालेभाजीवर आंबलेले पाणी फवारणे मला पटत नाही. अंड्याच्या कवचाचे तुकडे गोगलगायींना अडवत नाहीत, त्या खुशाल वरून जातात, आणि कवचातला चुना मातीत उतरायला फार काळ लागतो. व्हिनेगरने कीड मरण्याआधी पाने करपतात. मिठाने गोगलगाय मरते खरी, पण कुंडीची मातीही बिघडते. राख चिमूटभर ठीक, पण मूठ-मूठ घालत गेलात तर माती अल्कधर्मी होऊन झाडाला लोह मिळेनासे होते.

तंबाखूचे पाणी मात्र ठामपणे नको. निकोटिन नैसर्गिक आहे आणि माणसाला अत्यंत विषारीही आहे, ते त्वचेतूनही शरीरात जाते. शिवाय तंबाखूच्या पानांतून तंबाखू मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो; विडी-सिगारेट ओढून हात न धुता रोपांना हात लावला तरी. ‘नैसर्गिक’ लिहिले म्हणजे निर्धोक, हा समज मुलाबाळांच्या घरात फार महागात पडू शकतो.

दूध मात्र ऐकीव उपाय नाही. भुरीवर, म्हणजे पानांवर पीठ शिंपडल्यासारखी जी पांढरी बुरशी येते तिच्यावर, ब्राझीलमध्ये दुधाचे पद्धतशीर प्रयोग झाले आणि १९९९ साली ते प्रसिद्ध झाले. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, उन्हाच्या वेळी. भुरी दिसू लागताच सुरू केले तर चालते. पान पांढरेफटक झाल्यावर नाही.

कुंडीच्या मातीवर बारीक काळी चिलटे उडत असतील तर तो किडीपेक्षा पाण्याचा प्रश्न आहे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकू द्या, पिवळा चिकट सापळा आडवा ठेवा, संपला विषय. पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या हाताने वेचा. फारच झाल्या तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हे जिवाणूजन्य औषध फक्त अळ्यांच्या पोटात काम करते. अळ्या लहान असताना मारा, कारण त्यांनी ते खावे लागते.

कीड झाडावर येते ती का

तुम्ही लिहिले आहे की दर पंधरा दिवसांनी युरिया असलेले द्रवखत देता. माझ्या मते तुमच्या बागेतली सर्वांत मोठी अडचण तीच आहे. जास्तीच्या नत्राने फूट लुसलुशीत होते, रसात विद्राव्य नत्र वाढते आणि रस शोषणाऱ्या किडींची वीण वाढते. ते दोन महिने बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एकदा कुंडीला ओंजळभर मुरलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत पुरे. पाने गडद हिरवी आणि फुले नाहीत, ही नत्र जास्त झाल्याची साधी खूण.

कुंड्या एकमेकींना खेटून असतील तर त्या सुट्या करा. दोन झाडांची पाने एकमेकांना लागली की पंख नसलेली कीडही चालत शेजारी जाते, आणि दाटीत फवारा आत पोचत नाही. लाल कोळी कोरड्या, धुळीने माखलेल्या पानांवर सर्वांत लवकर वाढतो, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पानांची मागची बाजू धुणे हाच त्याच्यावरचा पहिला उपाय. पाणी द्यायचे ते वेळापत्रकाने नाही. बोटाचे एक पेर मातीत घालून, कोरडे लागले तरच. टोमॅटोला १५ ते २० लिटरची कुंडी लागते, मिरचीला १० लिटर. त्याहून लहान कुंडीत झाड रोज दुपारी मान टाकते, आणि असे ताणाखालचे झाड किडीला हवेच असते.

कुंडीच्या तळाला खडी घातल्याने निचरा सुधारतो हा पिढ्यान्‌पिढ्या चाललेला गैरसमज आहे. बारीक मातीतले पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. खडीच्या वरच्या मातीत ओलीचा थर साठून राहतो, म्हणजे मुळांसाठी कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, बाकी पूर्ण कुंडी एकाच मिश्रणाने भरा. एक भाग माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग मुरलेले कंपोस्ट हे मिश्रण बहुतेक भाज्यांना चालते. नवीन आणलेले रोप दोन आठवडे बाकीच्यांपासून दूर ठेवा आणि रोज उलटून बघा. मिलीबग घरात येतो तो बहुतेक वेळा विकतच्या रोपावरून.

तर आता, भिंग आले की पहिल्या दिवशी मिरची: कडा वर की खाली, ते ठरवा. त्याच दिवशी जास्वंदीची छाटणी आणि अल्कोहोलचा बोळा. टोमॅटोला फक्त बोटे लागतील. निमतेल सध्या फक्त फुलकिडे निघाले तरच, आणि तेही वर सांगितल्याप्रमाणे. काहीही फवारले असेल तर भाजी काढण्याआधी काही दिवस जाऊ द्या, बाटलीवर मुदत दिलेली असेल तर तीच पाळा, आणि भाजी वाहत्या पाण्यात नीट धुऊन घ्या. मिरचीची पाने ना धड वर ना धड खाली वळलेली आढळली तर फुलकिडे आणि कोळी दोन्ही एकाच झाडावर असण्याची शक्यता आहे. तशा वेळी आधी कोळ्याचा बंदोबस्त करा, कारण शेंडा कायमचा बसवतो तो कोळी.